भोक न पाडता

आमच्या घरात पाणी सांडलं की बाबा सगळ्यात आधी खाली बघतात. फरशीकडे नाही, फरशीच्याही खाली, त्यांना आरपार दिसत असल्यासारखं. कारण आम्ही वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो, खाली घरमालकीण विमलाकाकू राहतात, आणि आमच्या हॉलची जमीन म्हणजे त्यांच्या हॉलचं छत. गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीतलं हे घर तसं छान आहे. पण स्लॅबला कुठेतरी बारीक चीर आहे, आणि ती नेमकी कुठे हे फक्त पाण्याला माहीत आहे.

विमलाकाकूंनी दिवाळीआधी छताला नवा रंग दिला. मोतिया. आणि दिवाळीनंतरच्या रविवारी बाबांनी आमच्या माशांच्या टाकीचं पाणी बदलायला घेतलं. भरलेली बादली उचलली, तेवढ्यात फोन वाजला, बाबा फोनकडे वळले आणि बादली आडवी झाली. संध्याकाळपर्यंत मोतिया रंगावर तपकिरी नकाशा उमटला होता. विमलाकाकू आरडाओरडा करत नाहीत. त्यांनी बाबांना खाली बोलावलं, खुर्ची दिली, चहा दिला आणि वर बोट दाखवलं.

बाबा वर आले ते शब्द देऊनच.

"पुन्हा एकदा पाणी सांडलं की टाकी घरातून जाणार," ते म्हणाले. "मासे इगतपुरीला, आमच्या ऑफिसातल्या खंडेरावकडे. त्याच्या अंगणात हौद आहे. मी विमलाबाईंना तसं सांगून आलोय."

"सांडलं तुम्ही," मी म्हणाले.

"म्हणून शब्दही मीच दिला."

आता बुंदी आणि खव्याबद्दल सांगते. दोघं गोल्डफिश आहेत. बुंदी केशरी, खवा पांढरा, डोक्यावर थोडा जळका डाग. पाचवीत असताना आणले तेव्हा माझ्या अंगठ्याएवढे होते, आता मी नववीत आहे आणि ते तळहाताएवढे आहेत. मी काचेला नाक लावलं की दोघं पलीकडून येऊन तोंड लावतात. खायला मागतात, प्रेम वगैरे काही नाही, पण मी ते प्रेमच धरते. असे मासे पाणी फार घाण करतात. दर आठवड्याला बादल्या भरून पाणी काढावं लागतं आणि बादल्या भरून घालावं लागतं. म्हणजे कधी ना कधी बादली पुन्हा आडवी होणारच होती. टाकी जायचं ठरलेलंच होतं, फक्त तारीख ठरायची बाकी होती.

मग माझ्या डोक्यात आलं, की बादली उचलायचीच कशाला? पाण्याने आपणहून टाकीतून खाली उतरावं, खाली एका पिंपात स्पंज आणि खडे यांच्यातून गाळून निघावं आणि मोटरने परत वर जावं. पाणी बदलायचं तर पिंपातूनच नळीने मोरीत सोडायचं. उचलाउचल नाही, सांडासांड नाही. माशांच्या दुकानातल्या दादांना विचारलं तर ते म्हणाले, आयडिया बरोबर आहे, पण टाकीला भोक पाडावं लागेल आणि एवढ्या जुन्या काचेला भोक पाडताना तडा गेला तर मी जबाबदार नाही. तडा हा शब्द घरी मी उच्चारलासुद्धा नाही.

अदिबाला मात्र सांगितलं. अदिबा शाळेत माझ्या बाकावर बसते. तिचे अब्बा, रियाजचाचा, भद्रकालीत हार्डवेअरचं दुकान चालवतात, त्यामुळे एल्बो, टी, रिड्यूसर ही नावं ती अशी घेते जशी बाकीच्या मुली नेलपेंटच्या शेडची घेतात.

"भोक कशाला पाहिजे?" ती डबा खाता खाता म्हणाली. "काठावरून नेऊ की."

"पाणी काठ चढेल?"

"अगं, पेट्रोलवाले नळीने काढतात ना गाडीतून. चढतंच."

तिथून आमचं सुरू झालं. मधल्या सुट्टीत आम्ही वहीच्या मागच्या पानांवर पाईप काढायचो, आणि आमच्या वर्गशिक्षिका एकदा वाकून बघून म्हणाल्या, "हे जीवशास्त्रातलं आतडं आहे का?" गेल्या वर्षीची मी असते तर मान खाली घालून वही मिटली असती. यंदा मी म्हणाले, "नाही मॅडम, हा ओव्हरफ्लो आहे," आणि उभी राहून सगळं समजावून सांगितलं. मॅडमनी पूर्ण ऐकलं. घंटा झाली म्हणून थांबले, नाहीतर अजून बोलले असते.

तर, काय आहे ते तुम्हालाही सांगते. पाईपचा उलटा यू टाकीच्या काठावर टांगायचा. एक पाय आत पाण्यात, एक बाहेर. आतली सगळी हवा काढून टाकली की पाणी काठ चढून बाहेर उतरतं. पण साधा यू लावला तर तो थांबतच नाही, टाकी उपसत राहतो. आतला पाय उघडा पडला की हवा शिरते, आणि एकदा हवा शिरली की पाणी पुन्हा चढत नाही. समजा लाईट गेली, मोटर थांबली, आणि यूमध्ये हवा शिरली. मग लाईट आल्यावर खालची मोटर पाणी वर ढकलत राहणार, उतरायची वाट बंद, आणि टाकी काठावरून वाहत थेट विमलाकाकूंच्या मोतिया रंगात.

म्हणून बाहेरचा पाय खाली नेऊन पुन्हा वर वळवायचा. टाकीतलं पाणी जिथे थांबायला हवं, बरोबर तेवढ्या उंचीपर्यंत. आणि तिथून मग पिंपात सोडायचा. लाईट गेली की टाकीतलं पाणी त्या उंचीपर्यंत उतरतं आणि थांबतं. वळणात पाणी अडून राहतं, हवा शिरत नाही. लाईट आली की आपोआप पुन्हा चालू. कुणी हात लावायला नको.

रियाजचाचांनी दुकानात उरलेले पाईपचे तुकडे आमच्यापुढे ओतले. "दोघी मिळून दुसरं गंगापूर धरण बांधताय का?"

"अब्बा, सीरियस आहे हे," अदिबा म्हणाली.

"सीरियस असेल तर हे सोल्यूशन जपून वापरा. एकदा चिकटलं की अल्लाच सोडवेल."

पहिली चाचणी आमच्या गॅलरीतल्या मोरीत, कपड्यांच्या टबवर घेतली. यूच्या डोक्यावर एक बारीक नळी बसवली होती, हवा ओढून काढायला. ती तोंडाने मी ओढली. टबात बुंदी आणि खव्याचंच जुनं पाणी होतं आणि ते कसं लागतं हे मला विचारू नका.

"मासा हलाल असतो," अदिबा शांतपणे म्हणाली. "त्याचं पाणी गिळलंस तरी चालेल."

"तू गीळ."

"मी इंजिनिअर आहे. तू मजूर."

पाणी चढलं, उतरलं, धार लागली, आम्ही दोघी नाचलो, आणि नाचून होईपर्यंत टब रिकामा झाला होता. थांबायच्या उंचीवर पाणी थांबलंच नाही. आम्ही पाईप उलटसुलट करून बघितला. शेवटी अदिबाने कपाळावर हात मारला. वर वळलेल्या पाईपच्या टोकाला टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड होता, आणि त्या टीचं वरचं तोंड तिने टोपण लावून बंद केलं होतं, कारण उघडं टोक अर्धवट काम केल्यासारखं दिसतं. "नाकच बंद केलंय आपण त्याचं," ती म्हणाली. "तिथे हवा मिळत नाही, म्हणून पुढचा पाईप पाणी ओढतच राहतो." टोपण काढलं. पाईपने एक मोठा घोट घेतल्यासारखा आवाज केला, आणि पुढच्या वेळी पाणी बरोबर तिथे थांबलं.

टाकीवर बसवलं तेव्हा खाली निळं पिंप, पिंपात आमच्या जुन्या कूलरची मोटर, आणि पिंपावर झाकण. एकच गोष्ट लक्षात ठेवायची होती. लाईट गेली की टाकीतलं दोन बोटं पाणी खाली येतं, आणि दोन बोटं म्हटली तरी एवढ्या लांब टाकीची दोन बोटं म्हणजे बादलीच्या आसपास होतात. ते मावायला पिंप वरून रिकामं ठेवायचं. मी मार्करने पिंपाच्या आतून लाल रेघ मारली. पाणी रेघेपर्यंत, वर नाही.

बाबांनी सगळं नीट बघितलं. मी मोटरचा स्विच बंद केला, चालू केला, बंद केला, चालू केला. एक थेंब खाली नाही.

"हे ठीक आहे," ते म्हणाले. "पण स्विच तू बंद करतेस. तुला माहीत असतं, तू तयार असतेस. लाईट काही विचारून जात नाही. शनिवारी जाईल तेव्हा मी बसून बघणार. तेव्हा नीट चाललं तर मी मानलं."

आमच्याकडे शनिवारी बहुतेक वेळा दुरुस्तीसाठी लाईट जाते. मी म्हणाले, चालेल. आणि त्याच आठवड्यात लंकाआत्या आली.

लंकाआत्या ही बाबांची मोठी बहीण. चांदवडकडच्या गावात राहते, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आली होती. ऑपरेशन छान झालं. डॉक्टरांनी काळा चष्मा दिला आणि सांगितलं, वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही. त्यामुळे आत्याने भाजीची जुडी जरी हातात घेतली तरी घरातला कुणीतरी येऊन ती काढून घ्यायचा. आई म्हणायची, अक्का बसा. बाबा म्हणायचे, अक्का बस. मीसुद्धा म्हणायचे, आत्या बस ना. आत्या बसायची, टाकीसमोर खुर्ची टाकून, काळा चष्मा लावून, थिएटरात बसल्यासारखी.

"हे पानी जातंय कुठं?" तिने पहिल्या दिवशी विचारलं.

"खाली पिंपात."

"आन् मंग?"

"मग मोटरने परत वर."

आत्याने बराच वेळ विचार केला. "परत वरच यायचं तर जायाचं कशाला?"

मी गाळणीबद्दल सांगितलं, घाणीबद्दल सांगितलं. तिने मान हलवली. "आमच्या गावातल्या बायांवानी हाय हे. दिसभर खाली-वर, खाली-वर, पानी काय संपत नाय."

शनिवारी सकाळी उठल्या उठल्या मी झाकण काढून बघितलं. पाणी रेघेवर होतं. मग आंघोळ केली आणि अदिबाला आणायला स्टॉपवर गेले. परत येताना जिन्याशी माझ्या मनात काय आलं कोण जाणे, मी विमलाकाकूंची बेल वाजवली.

"काकू, आज लाईट जाणार आहे ना, तेव्हा आमच्या टाकीचं प्रात्यक्षिक आहे. तुम्ही या."

विमलाकाकूंनी चष्म्यावरून बघितलं. "पाणी सांडण्याचं प्रात्यक्षिक?"

"न सांडण्याचं."

अदिबा जिन्यात मागून माझी ओढणी ओढत होती. वर जाताना म्हणाली, "तुझ्यात हे एवढं डेअरिंग कधीपासून आलं? आधीचीच बरी होतीस. आपण आधी बघितलं असतं, मग बोलावलं असतं."

"चालतंय म्हटल्यावर चालतंय," मी म्हणाले.

तर हॉलमध्ये असे सगळे बसलो. बाबा मध्ये, विमलाकाकू सोफ्यावर, आत्या तिच्या खुर्चीत, अदिबा आणि मी जमिनीवर, आणि आई पोहे घेऊन आत-बाहेर. लाईट काही जाईना. इतर शनिवारी मिक्सरमध्ये चटणी असली की नेमकी जाते. आज आम्ही तिच्याकडे डोळे लावून बसलेलो, तर फॅन निवांत फिरत होता. पोहे संपले. विमलाकाकू म्हणाल्या, "बोलावल्यावर येत नाहीत ते जावई. ही लाईट बोलावल्यावर जात नाही." आत्या हसली. बाबा हसले नाहीत, ते फरशीकडे बघत होते.

मग फॅनचा आवाज उतरत गेला आणि कूलरच्या मोटरची गुणगुण थांबली.

घर एकदम शांत झालं. पाईपमधून उतरणारं पाणी फक्त ऐकू येत होतं. टाकीतली पातळी हळूहळू खाली येत होती. बुंदी पातळीबरोबर खाली आली, तिला वाटलं खायला आलं. मी पातळीकडेच बघत होते, ती बरोबर माझ्या खुणेकडे चालली होती, आणि मी म्हणणारच होते, बघा. तेवढ्यात अदिबाने माझ्या मनगटाला चिमटा काढला.

पिंपाच्या झाकणाखालून पाणी येत होतं. चारी बाजूंनी, सावकाश. पिंपावरून खाली उतरलं, फरशीवर पसरलं, आणि विमलाकाकूंच्या पायांकडे गेलं. विमलाकाकूंनी पाय उचलून सोफ्यावर घेतले.

आई पोछा घेऊन आली, बाबांनी सतरंजी ओढून टाकली, अदिबाने टेबलावरची वर्तमानपत्रं अंथरली. मी झाकण काढलं. पिंप काठोकाठ भरलेलं होतं. माझी लाल रेघ पाण्याखाली वीतभर खोल, तिथून माझ्याकडे बघत होती.

सकाळी पाणी रेघेवर होतं, हे मी स्वतः बघितलं होतं. मग हे आलं कुठून? मी वर बघितलं. बाबा पुसत होते. आई पिळत होती. लंकाआत्याने काळा चष्मा काढला होता आणि ती तो पदराने पुसत होती, आणि तिच्या पातळाचा पुढचा भाग गुडघ्यापर्यंत ओला होता.

मला सगळं कळलं. मी स्टॉपवर गेले तेव्हा नळाला पाणी आलं. आत्याच्या गावात पाणी येतं तेव्हा येतं, आणि आलं की घरातलं प्रत्येक भांडं भरून ठेवायचं असतं, कळशीपासून वाटीपर्यंत. नळ वाहतोय, घरात सगळं भरलंय आणि एकच पिंप अर्धं रिकामं. तिने ते तसं सोडलं असतं तर ती लंकाआत्या नव्हेच.

"वैष्णवी," बाबा हातातला पोछा खाली ठेवून म्हणाले. रागावून नाही. त्यांच्या रागापेक्षा हाच आवाज वाईट असतो. "मी विमलाबाईंना शब्द दिला होता."

आता मी एवढंच म्हणायचं होतं, की बाबा, माझं गणित बरोबर आहे, आत्याने पिंप भरलं. ते खरंच होतं. तेवढ्याने टाकी वाचली असती कदाचित. पण आत्या आधीच आमच्या घरात पाहुणी म्हणून अंग चोरून बसलेली, आणि हे सांगायचं विमलाकाकूंसमोर, ज्यांना ती पहिल्यांदाच भेटत होती. अदिबा माझ्याकडे बघत होती. तिलाही कळलं होतं, कारण तीही ओल्या पातळाकडे बघत होती. तिने नाही अशी मान हलवली, अगदी थोडी.

पण मला गप्प बसायचं नव्हतं. गप्प बसून टाकी घालवणं हेही मला पटत नव्हतं. मी उभी राहिले.

"चूक डिझाइनची आहे," मी म्हणाले. "पिंप अर्धं रिकामं ठेवायचं, हे मी ठरवलं. पण नळाला पाणी आल्यावर आपल्याकडे अर्धं पिंप कोण तसं ठेवेल? मी एक रेघ मारली आणि मला वाटलं झालं. रेघ मला कळते, घराला कळत नाही. कुणीही भरलं असतं. ते मी धरायला हवं होतं."

"कुनीबी काय," आत्या म्हणाली. "ती मला झाकतीय, ज्ञानू. म्या भरलं ते."

बाबांनी वळून बघितलं. पाण्याचं ते विसरलेच. "अक्का, तुला वाकायला बंदी आहे ना."

"वाकले कुठं? उभ्या उभ्या भरलं. तांब्या तांब्यानं."

"एवढं पिंप तांब्याने?"

"बसून बसून ढोपरं आखडली माझी. सगळी म्हन्तात बस, बस. पानी आलं, पिंप रिकामं, आन् मी बसू?" मग तिने पाण्याकडे बघितलं आणि तिचा आवाज लहान झाला. "मला वाटलं पोरीचं काम हलकं करावं."

विमलाकाकू अजून सोफ्यावर पाय घेऊनच होत्या. "पाणी येत असताना अर्धं पिंप बघून मलाही राहवलं नसतं," त्या म्हणाल्या. मग पाय खाली ठेवले. "चला, आधी छत बघू."

आम्ही सगळेच खाली गेलो. खाली अंधार होता, पडदे ओढलेले, म्हणून मोबाईलचे टॉर्च लावले. आत्याचा हात मी धरला होता. आम्ही सहा जण मान वर करून विमलाकाकूंच्या हॉलमध्ये उभे होतो आणि दिवाळीनंतरचा तपकिरी नकाशा बघत होतो. नकाशा जुनाच होता. त्याच्या शेजारी काही नवीन उमटतंय का ते बघत होतो. आत्याने डॉक्टरांनी सांगितलेलं विसरून चष्मा काढून वर बघितलं, तर बाबांनी तो परत तिच्या नाकावर ठेवला. बराच वेळ थांबलो. काही आलं नाही.

"आज वाचलं," विमलाकाकू म्हणाल्या. "पण ज्ञानेश, तुमचा शब्द सांडण्याचा होता. झिरपण्याचा नव्हता."

"हो," बाबा म्हणाले. "मी आज खंडेरावशी बोलतो."

"काकू, मी बोलू?"

"तू केव्हापासून विचारायला लागलीस?"

"काचेला भोक पाडता येत नाही. पण पिंप प्लॅस्टिकचं आहे, त्याला पाडता येतं. काठाच्या चार बोटं खाली भोक पाडून त्यातून पाईप काढून मोरीत सोडला, की कुणी कितीही भरलं तरी जास्तीचं मोरीत जाईल. फरशीवर येणारच नाही. पिंप भरू नका असं कुणाला सांगावंच लागणार नाही."

विमलाकाकूंनी टॉर्च बंद केला. "पुढच्या शनिवारी मी येईन. आणि पिंप मी भरणार. माझ्या हाताने, मला वाटेल तेवढं. फरशी ओली झाली तर त्याच संध्याकाळी मासे इगतपुरीला. मान्य?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी मान्य म्हणाले.

वर आल्यावर आधी पिंपात औषधाचे थेंब टाकले, कारण नळाच्या ताज्या पाण्यातलं क्लोरीन माशांना सोसत नाही. मग तो आठवडा. गॅसवर सळई तापवून मी पिंपाला भोक पाडलं, घरभर जळक्या प्लॅस्टिकचा वास सुटला, आईने सगळ्या खिडक्या उघडल्या आणि माझ्याकडे बघितलं. अदिबाने दुकानातून जोड आणि रबराची वायसर आणली. पाईप पिंपातून निघून भिंतीकडेने गॅलरीतल्या मोरीपर्यंत नेला. मासे टाकीत, मोटर बंद, आणि पिंप मोरीशी नेऊन आम्ही चाचण्या घ्यायचो. भरायचं काम लंकाआत्याचं. तिला स्टूल दिलं, तांब्या दिला, आणि अदिबाने सांगितलं, "आत्या, तुम्ही आमच्या दुश्मन आहात असं समजा. कसंही करून पाणी बाहेर काढायचं."

"दुश्मनाचं काम म्या फुकट करीत नाय," आत्या म्हणाली, पण तांब्या सोडला नाही.

आणि तिने पाणी बाहेर काढलंच. आम्ही पाईप बारीक घेतला होता, दिसायला बरा म्हणून. वरून धार जोरात आली की बारीक पाईपला ती झेपायची नाही आणि पाणी काठावर यायचं. अदिबा दुसऱ्या दिवशी दुप्पट जाड पाईप घेऊन आली. सळई पुन्हा तापवली, भोक मोठं केलं. त्यानंतर आत्याने तांब्याने घातलं, अदिबाने धरलेली बादली कलती करून घातलं, शेवटी नळाची नळीच आत सोडली. काठापर्यंत पाणी गेलं नाही. जाड पाईप मोरीत गुपचूप ओतत राहिला.

"हरले," आत्या म्हणाली. मग मोरीत जाणाऱ्या पाण्याखाली तिने पायानेच बादली सरकवली.

शनिवारी विमलाकाकू स्वतःची तांब्याची कळशी घेऊन आल्या. "शिळं पाणी आहे, कालच भरून ठेवलं होतं," त्या म्हणाल्या. "ताजं चालत नाही म्हणे यांना." त्यांच्याकडे कामाला येणाऱ्या चांगुणाबाईंनी मागून दोन बादल्या आणल्या. विमलाकाकूंनी झाकण काढलं, लाल रेघ बघितली, आणि कळशी ओतली. मग बादली. मग दुसरी. पाणी भोकापर्यंत आलं आणि मोरीत जायला लागलं. त्या थांबल्या नाहीत, दुसरी बादली पूर्ण रिकामी केली. मग झाकण ठेवलं आणि पदराला हात पुसले.

"लाईटची वाट बघायला मला वेळ नाही," त्या म्हणाल्या. "मेन स्विच बंद करा, ज्ञानेश."

बाबांनी मेन स्विच खाली केला. फॅन थांबला, मोटर थांबली. टाकीतलं पाणी उतरायला लागलं. माझा तळहात इतका घामाने ओला झाला होता की अदिबाने तो सोडून दिला. पिंपातून काही आवाज नाही. गॅलरीत मोरीत मात्र धार लागली, चांगली जाड धार, आणि हळूहळू बारीक होत होत थांबली. टाकीतलं पाणीही खुणेवर थांबलं होतं.

विमलाकाकू उठल्या, पिंपाजवळ गेल्या आणि खाली बसल्या. त्यांच्या गुडघ्यांचा आवाज आला. त्यांनी पिंपाच्या मागे, भिंतीच्या कडेला, जिथे कुणाची नजर जात नाही तिथे, फरशीवरून हात फिरवला. मग तळहात उजेडाकडे धरून बघितला. मग दुसऱ्या बाजूनेही तसंच केलं.

"चालू करा," त्या म्हणाल्या.

बाबांनी स्विच वर केला. मोटर गुणगुणली, वरून धार पडायला लागली, टाकीतलं पाणी दोन बोटं चढलं, आणि पाईपने आपणहून, कुणी हात न लावता, कुणी नळी न ओढता, पाणी काठावरून खाली न्यायला सुरुवात केली.

विमलाकाकू भिंतीचा आधार घेऊन उठल्या. "ज्ञानेश, तुमचा शब्द मी परत केला," त्या म्हणाल्या. "घ्या."

बाबांनी मान हलवली, दोनदा, आणि आज पहिल्यांदा ते फरशीकडे न बघता टाकीकडे बघत होते.

आईने चहा आणला. विमलाकाकूंनी आत्याच्या शेजारी खुर्ची ओढली आणि त्यांनी पहिल्यांदाच टाकीत नीट बघितलं. आतापर्यंत त्यांनी फक्त पाणी बघितलं होतं. दोघं मासे काचेशी आले, तोंड उघडमीट करायला लागले.

"यातला हावरट कोणता?" विमलाकाकूंनी विचारलं.

"खवा," मी आणि बाबा एकदमच म्हणालो.